बट्टा लागलेला रुपया

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दौंडहून माझ्या खालांचा फोन आला. आवाज घाईचा होता. म्हणाल्या, "बेटा, वो रुपयों का हार है ना सास का, उसका लाखों आता बोलते. तू एक बार आके देख." त्यांच्या नातवाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. जुनी नाणी विका, घरबसल्या लखपती व्हा, असा. त्यातल्या नंबरवर त्याने फोटो पाठवले. तासाभरात उलट फोन आला. तुमच्या नाण्यांचे चार लाख ठरलेत, रिझर्व्ह बँकेत नोंदणी करायला फक्त साडेतीन हजार भरा. भाच्याची डिप्लोमाची फी भरायची होती आणि मुदत आठ दिवसांची. खाला विधवा आहेत. खालू रेल्वेत होते, पेन्शनवर घर चालतं. साडेतीन हजार भरायचे की नाही, एवढंच त्यांना मला विचारायचं होतं.

मी फोनवरच सांगितलं की एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँक कुणाची जुनी नाणी विकत घेत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला तसं जाहीर निवेदनच काढलं होतं, कारण तिच्या नावावर देशभर हा धंदा सुरू झाला होता. पण नुसतं "फसवणूक आहे" म्हटल्याने खालांचं समाधान होणार नव्हतं. फोन करणारा खोटा असेल, पण नाणी तर खरी आहेत ना? हा त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग आणि सराफी काटा पिशवीत घालून निघालो. शिरूरहून न्हावरे, पारगावला भीमेचा पूल, मग केडगाव चौफुला आणि दौंड.

नाण्यांचा नाद मला आजोबांमुळे लागला. ते घोडनदीच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावायचे. (शिरूरला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.) मोडीच्या भांड्यांबरोबर कधी एखादं जुनं नाणं यायचं. नाणं हातात आलं की आजोबा आधी बघायचे नाहीत, वाजवायचे. फरशीवर टाकलेला चांदीचा रुपया लांबवर खणखणतो. शिशाचा किंवा ओतीव असेल तर बद्द वाजतो. मग ते कड नखाने खरवडायचे. तांब्याच्या चकतीवर कथील चढवून चांदीचा रुपया म्हणून चालवण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि कल्हईवाल्याला ती कोण शिकवणार? "ही आपलीच कारागिरी, फक्त नियत वेगळी," असं ते हसून म्हणायचे.

खालांनी चटईवर कापडी थैली उलटी केली. तेवीस नाणी निघाली. चौदा चांदीचे रुपये, प्रत्येकाला वर एक कडी डाक देऊन बसवलेली. हाच तो हार, त्याचा रेशमी गोफ केव्हाच कुजला होता. तीन सुटे रुपये १९४० नंतरचे. एक रुपया वेगळ्या कागदात गुंडाळलेला, त्यावर साल १९३९. दोन भोकाचे पैसे. एक तांब्याची शिवराई. एक मक्का-मदिनेचं चित्र असलेलं पितळी नाणं. आणि एक जाड, लहानसं, ओबडधोबड चांदीचं नाणं, एका अंगाने बरंच घासलेलं, त्यालाही कडी. हे शेवटचं खालांनी बाजूला सारलं. "ये उर्दूवाला है. वो आदमी बोला, मुसलमानी नाणा है, इसका कुछ नहीं आता. शिवराई का आता."

त्या उर्दूवाल्याकडे मी नंतर येतो. आधी पितळी नाण्याचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. एका बाजूला काबा आणि मदिनेचा घुमट, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि सतराव्या शतकातलं एक साल. पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी आणि बुधवारी भरतो तिथे, मी याच घडणीची नाणी ढिगाने पाहिली आहेत. त्यांच्या शेजारीच राम दरबारची, हनुमानाची नाणी असतात, तीही कंपनीचीच म्हणून, १८१८ सालची. गिऱ्हाईक बघून विक्रेता हात कुठल्या ढिगाकडे न्यायचा ते ठरवतो. ईस्ट इंडिया कंपनीने यातलं एकही नाणं कधी पाडलेलं नाही. ही खोटी नाणी असंही म्हणता येत नाही, कारण खोट्याला आधी खरं असावं लागतं. याच वस्तूंना तांदूळ ओढणारं नाणं म्हणून लाखोंना विकणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत, आणि विकत घेणारे सगळे काही अडाणी नव्हते.

भोकाच्या पैशांबद्दल भाच्याला वाईट वाटत होतं. कुणीतरी मधोमध भोक पाडून खराब केलं म्हणून. वास्तविक तो पैसा जन्मला तोच भोकासकट. महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा १९४३ पासून सरकारने असा पैसा काढला, १९४७ पर्यंत तो निघत राहिला. लोक त्याचा वायसर म्हणूनही वापर करत. त्याची किंमत आजही किरकोळच.

पण या भोकाच्या पैशात नाणी पारखण्याचा पहिला धडा आहे. नाण्यातली खोड टांकसाळीत झाली की बाहेर, हे आधी ठरवायचं. टांकसाळीतली खोड म्हणजे ठसा एका बाजूला सरकणं, दोनदा बसणं, घाव बसताना कडेला चीर जाणं. ती नाण्याच्या जन्मकथेचा भाग असते, आणि कधी कधी तिच्यामुळेच किंमत वाढते. बाहेरची खोड म्हणजे भोक, कडी, कानस, छिन्नीचा घाव, आणि सगळ्यात जास्त आढळणारी, घरच्या बायकांनी दिवाळी-ईदच्या साफसफाईत हौसेने दिलेली चकाकी. खालांची शिवराई अशीच लखलखत होती. चिंच लावून, वर पीतांबरी पावडरीने घासलेली. तांब्यावर दीड-दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर एका दुपारी गेला. संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत, किंवा लावतात ते भाव पाडूनच. खालांना हे सांगताना मला जरा संकोच वाटला. त्यांनी तर चांगलं दिसावं म्हणूनच केलं होतं.

शिवराई मात्र खरी होती. एका अंगाला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति, आणि मधून गेलेल्या दोन आडव्या रेघा. या रेघांमुळे तिला दुदांडी म्हणतात. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर शिवराई सुरू केली. पण दुदांडी ही पेशवाईतली. महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं त्यांच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं पाडलं जात होतं, आणि इंग्रजी राज्यातही खेड्यापाड्यांत बराच काळ चालत होतं. त्यामुळे नुसतं महाराजांचं नाव आहे म्हणून ते महाराजांच्या हयातीतलं नाणं ठरत नाही. वजनही ठरलेलं नसे, ठसे खोदणारे अनेक, शुद्धलेखन प्रत्येकाचं वेगळं. शिव, शीव, सिव, सीव, सगळं सापडतं. एखादा इकार चुकला म्हणून शिवराई खोटी म्हणणारे तज्ज्ञ मी पाहिलेत. त्यांच्याकडे बघून त्या ठसा खोदणाऱ्या सोनाराची कीव येते. खोटी ओळखायची ती अक्षरांच्या कडांवरून. ठशाच्या घावाने उठलेलं अक्षर ताठ उभं असतं, साच्यात ओतलेलं अक्षर लोण्यासारखं गोल. ओतीव नाण्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कडेवर बऱ्याचदा साच्याची जोडरेघ.

तांब्याच्या शिवराईची नक्कल करण्यात फारसा फायदा नाही, म्हणून ती बहुधा खरी निघते. सोन्याच्या होनाचं उलट आहे. महाराजांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि अस्सल नग जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी आमच्या तालुक्यात "शेत नांगरताना होन सापडला" अशी बातमी दर एक-दोन वर्षांनी येते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने असा होन घेतला, ऊस तुटल्यावर आलेल्या पैशांतून. पितळेवर सोन्याचा मुलामा होता. तो तक्रार करायला गेला नाही, कारण विकणाऱ्याने त्याला आधीच कायदा समजावला होता. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे तक्रार केली तर पहिला प्रश्न तुलाच. खोट्या नाण्याला खऱ्या कायद्याचं असं कुंपण घातलेलं असतं.

दुसऱ्या एकाने मला इनामगावच्या पांढरीतलं म्हणून एक नाणं दाखवलं होतं, तीन हजार वर्षांपूर्वीचं. इनामगाव आमच्याच शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरं सापडली, धान्य सापडलं, मुलांना रांजणांत पुरल्याच्या जागा सापडल्या. नाणं त्या लोकांनी पाहिलेलंच नव्हतं. भारतात नाणी सुरू झाली ती त्यानंतर. कधी कधी पारख करायला भिंग लागत नाही, गावाचा इतिहास ठाऊक असला की पुरतं.

आता कागदात गुंडाळलेला रुपया. फोनवाल्याने चार लाखांपैकी अडीच लाख याच नाण्याचे सांगितले होते. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया खरोखरच दुर्मीळ आहे, संग्राहक त्याच्या शोधात असतात. खालूंनी तो पूर्वी कधीतरी गाडीतल्या एका माणसाकडून विकत घेतला होता आणि घरात सांगितलं होतं, हा ठेवा. भिंगाखाली धरला तेव्हा माझं मन थोडं धडधडलं, खोटं कशाला बोलू. वजन बरोबर, आवाज बरोबर, चांदी बरोबर. चूक एकच होती. शेवटच्या नऊच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, बारीक ओरखडे होते आणि तेवढीच जागा आजूबाजूच्या पातळीपेक्षा खोल गेली होती. कुणीतरी टोकदार हत्याराने १९३८ मधल्या आठाचा खालचा डावा कोपरा काढून त्याचा नऊ केला होता. १९३८ चा रुपया कुठेही मिळतो.

हे सांगणं जड गेलं. खालूंचा ठेवा होता तो. खाला थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उनको मालूम था क्या?" मी म्हणालो, नाही, त्यांना ठाऊक असतं तर एवढा जपून ठेवला नसता. भाचा विचारत होता की असं करणं गुन्हा नाही का. आहेच. आकडा बदलून नाणं विकणं ही सरळ ठकबाजी झाली. पण जुन्या नाण्यांच्या बाबतीत कायद्याची एक गंमत त्याला सांगितली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २३० मध्ये नाणं म्हणजे काय याची व्याख्या होती आणि खाली उदाहरणं. कवड्या नाणं नाहीत. ठसा नसलेला तांब्याचा गोळा, लोक पैसा म्हणून वापरत असले तरी नाणं नाही. पदक नाणं नाही. आणि फर्रुखाबादी रुपया, चलनातून गेलेला असला तरी, नाणंच. शंभर वर्षांहून जास्त काळ तो मेलेला रुपया कायद्यात जिवंत होता.

सुट्या तीन रुपयांत निम्मीच चांदी आहे. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि कडेच्या दातेऱ्यांमधून एक खोबणी फिरवली, नकला होऊ नयेत म्हणून. इथे खालांनी मध्येच विचारलं, या सगळ्यावर जकात पडते का? चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२ ग्रॅमच्या आसपास. ही सगळी चांदी पाव किलोलाही थोडी कमीच. तरी बाकीची जमा धरून हिशेब मौलानासाहेबांना विचारा, असं म्हणालो. भेसळीच्या नाण्यांचा विचार फिकहच्या जुन्या ग्रंथांत बारकाईने आहे. चांदी जास्त असेल तर ते चांदीच धरावं, असा हनफी नियम. अगदी निम्मं-निम्मं आलं की मात्र मौलानाही क्षणभर थांबतात. सहाव्या जॉर्जच्या टांकसाळीला याची कल्पना नसावी.

हाराच्या चौदा रुपयांत नऊ राणीछाप, दोन सातव्या एडवर्डचे आणि तीन पाचव्या जॉर्जचे होते. १८३५ च्या कायद्याने सगळ्या कंपनी मुलखात एकच रुपया ठरला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला तोळा तोच. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. त्यामुळे कडी लावलेल्या, झिजलेल्या राणीछाप रुपयाचा हिशेब सोपा असतो. त्या दिवशीच्या भावाने दहा-साडेदहा ग्रॅम चांदीचे जे होतील ते. कडी नसती आणि राणीच्या केसांची एकेक बट शाबूत असती, तर गोष्ट वेगळी. पण डाक देताना ज्वाळेने वरची कड वितळते, ती परत येत नाही. कडी काढून जागा घासून गुळगुळीत करणारे कारागीर आहेत. दातेरे पुन्हा कोरतात, वर गंधकाचा धूर देऊन काळपटपणा आणतात. भिंगाखाली ती जागा लगेच कळते. माझ्या मते कडी लावलेला रुपया कडीसकट ठेवलेला बरा, निदान तो कुणाच्या गळ्यात होता ते तरी दिसतं.

चांदीची खात्री करायची असेल तर एक घरगुती रीत आहे. आधी नाणं नेहमीसारखं तोलायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागायचं. या रुपयांना उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. जर्मन सिल्व्हर असेल तर पावणेनऊच्या वर जात नाही. कडी असलेल्या नाण्याला ही परीक्षा नीट लागू पडत नाही, डाक वेगळ्या धातूचा असतो. भाच्याने सुट्या तीन रुपयांवर करून पाहिली. निम्मी चांदी म्हणून उत्तर त्याहून कमी आलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा या प्रकरणात मजा वाटली.

पाचव्या जॉर्जच्या तीन रुपयांपैकी दोन पुढच्या सालांचे होते. तिसऱ्यावर १९११. मी भिंग घेऊन बादशहाच्या झग्यावरचा हत्ती शोधला. त्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात हत्ती. १९११ च्या ठशात त्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली की तो डुकरासारखा दिसतो. बादशहाच्या अंगावर डुक्कर, अशी बोलवा मुसलमानांत पसरली, कुरबुर झाली, आणि सरकारने ते रुपये मागे घेऊन बरेचसे वितळवले. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. डुक्करछाप रुपया म्हणून संग्राहक तो आजही शोधतात. १९१२ च्या दोनाचा एक करणारे महाभाग असतातच. पण आकडा खोडता येतो, झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड करता येत नाही.

खालांच्या सासूबाई पाच वक्त नमाजी, अतिशय कडक. आणि जन्मभर त्यांच्या गळ्यात डुक्करछाप रुपया! खालांनी "तौबा" म्हणून कानाला हात लावले, मग आम्ही तिघेही हसत सुटलो. "हत्तीच है ना पर?" त्यांनी शेवटी विचारलं. हत्तीच आहे, मी म्हणालो. टांकसाळीत चुकून झालेली ही खोड, तिने या रुपयाची किंमत वाढवली होती. बाहेर सोनाराने लावलेल्या कडीने ती बरीच खाली आणली होती. तरी चांदीच्या भावापेक्षा काही पट मिळाले असते.

आणि मग तो उर्दूवाला.

अक्षरं उर्दू नाहीत, फारसी. एका अंगावर शाह आलम बादशहाच्या नावाची मोडकी अक्षरं, दुसऱ्या अंगावर टांकसाळीचा मजकूर, तोच भाग जास्त घासलेला. पण एका कोपऱ्यात एक खूण स्पष्ट राहिली होती, आकडीसारखी. हत्तीचा अंकुश. हा अंकुशी रुपया, पुण्याच्या टांकसाळीचा, पेशव्यांचा. फोनवाल्याने ज्याला मुसलमानी म्हणून झटकलं ते नाणं आणि ज्याचे पैसे येतात म्हणाला ती दुदांडी शिवराई, दोन्ही एकाच दरबाराची. पेशवाईत बाजारात जाणाऱ्या माणसाच्या कशात तांब्यावर नागरीत श्री राजा शिव असे आणि चांदीवर फारसीत शाह आलम. त्याला त्यात विसंगती वाटत नसावी. रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव हा चालीचा भाग होता. त्याशिवाय सराफाने तो डोळे झाकून घेतला नसता. टांकसाळीचं नावही बघण्यासारखं, मुहियाबाद उर्फ पुणे. औरंगजेब १७०३ च्या सुमारास पुण्याला होता, तिथे त्याचा नातू वारला, त्याच्या नावावरून त्याने शहराला हे नाव दिलं. लोकांनी ते कधी तोंडी घेतलं नाही, पण पेशव्यांच्या रुपयावर ते राहिलं.

या नाण्यांची चकती ठशापेक्षा लहान असे. म्हणून पुरा मजकूर एकाही रुपयावर उमटत नाही. अक्षरं अर्धी कापलेली दिसली तर ते नुकसान नव्हे, ती घडणच तशी. घासलेलं किती आणि मुळात उमटलंच नव्हतं किती, हे वेगळं करायला मला अर्धा तास लागला. कडेजवळ दोन बारीक टिंबं होती, ते सराफांचे ठसे. पेशव्यांनी टांकसाळी सोनार-सराफांना ठेक्याने दिलेल्या असत, कस सगळीकडे सारखा नसे, म्हणून रुपया हातोहात फिरताना सराफ तो पारखून आपली खूण ठोकत आणि कमी कसाच्या किंवा जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा घेत. जुन्या कागदांत नुसते रुपये लिहीत नाहीत, अंकुशी, चांदवडी, सुरती, मल्हारशाही असं लिहितात. हा बट्टा एवढा अंगवळणी पडला की आपण अजून माणसाच्या नावालाही बट्टा लावतो. आजचा संग्राहक सराफाचा ठसा म्हणजे नुकसान धरतो आणि किंमत कमी करतो. त्या काळी तोच ठसा बघून पुढच्याने रुपया घेतला असेल.

तारखेचा घोळ उरला होता. खालूंनी कधीतरी एका मौलवींकडून आकडा वाचून घेतला होता, १२३९. घरात दोन मतं होती. भाचा म्हणे, इसवी सन १२३९, म्हणजे आठशे वर्षं जुनं! फोनवाल्याला हे कळलं असतं तर त्याने आणखी दोन शून्यं वाढवली असती. खालू म्हणत, हिजरी. हिजरी १२३९ म्हणजे १८२३-२४. मला आधी तेच पटलं होतं. पण पुण्याच्या या रुपयांवर फसली साल असे, दख्खनच्या महसुली वर्षाचं, आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १८२९.

म्हणजे हा रुपया पाडला तेव्हा दुसरा बाजीराव बिठूरला जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती. शाह आलम तर १८०६ मध्येच वारला होता. इथला धनी कंपनी सरकार. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जिथून कंपनीची फौज कोरेगावकडे निघाली, ती घोडनदीची छावणी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जिंकूनही कंपनीने पुण्याच्या टांकसाळीत तोच रुपया काही वर्षं चालू ठेवला, मेलेल्या बादशहाचं नाव, गेलेल्या पेशव्यांचा अंकुश आणि औरंगजेबाने दिलेलं शहराचं नाव, सगळं तसंच ठेवून. कारण बाजार त्यालाच ओळखत होता. १८३५ नंतर एकछापी रुपया आला आणि हे जुने रुपये हळूहळू भट्टीत गेले. जे वाचले ते बहुतेक असे, कुणाच्या तरी गळ्यात, कडी लावलेले. सोनाराने घासलं नसतं तर बाकीची अक्षरं वाचता आली असती हे खरं. पण दागिना झाला नसता तर नाणंच उरलं नसतं, हेही खरं. मराठ्यांच्या टांकसाळींवर महेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ चं इंग्रजी पुस्तक आहे. त्यातल्या छायाचित्रांशी हे नाणं ताडून पाहायचं ठरवलं.

किमतीचं विचारलंत तर, घासलेला, कडीचा अंकुशी रुपया चांदीच्या भावापेक्षा फारसा वर जात नाही. खालांना तेच सांगितलं.

दुपारी आम्ही ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने एकेक रुपया काचेवर वाजवला, कड्या कापल्या, डाकाचं वजन वजा केलं आणि हाराच्या तेरा रुपयांचे व सुट्या तिघांचे पैसे मोजून दिले. फीच्या निम्म्याहून थोडे जास्त झाले. बाकीचे मी आणि खालांच्या धाकट्या दिरांनी घातले. १९३८ चा झालेला १९३९ खालांनी विकायला काढलाच नाही, पुन्हा त्याच कागदात गुंडाळला. डुक्करछापही ठेवला. त्याचे जास्त येतील असं मी दोनदा सांगितलं, पण सासूच्या गळ्यातलं एक तरी राहू दे म्हणाल्या.

अंकुशी रुपया मी चांदीच्या भावाने मागितला. खालांनी पैसे घेतले नाहीत. भाचा दौंड स्टँडवर सोडायला आला होता, तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. तोच माणूस होता. नोंदणीची मुदत आज संपते, निदान दोन हजार तरी भरा, म्हणत होता. भाच्याने त्याला विचारलं, "फसली १२३९ म्हणजे इसवी सन किती?" पलीकडून फोन कट झाला.